पाठ टेकून सायकल

हर्नडन, व्हर्जिनिया
मे, रविवार दुपार

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

परवा माझ्या पाठ टेकून चालवायच्या तीनचाकी सायकलचा फोटो पाठवला तर तुझा पहिला प्रश्न काय, "पाय मोडला का रे?" आणि दुसरा, "वहिनी मागून ढकलते का?" फोनवर तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तू समोरच्याला बोलूच देत नाहीस. म्हणून पत्र लिहितोय. इथे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

पाय ठणठणीत आहेत. दमसुद्धा वयाच्या मानाने बरा आहे. दुचाकी सोडली ती बाकीच्या अवयवांमुळे. तासाभराने उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं. मनगटाच्या त्या बाजूने एक नस जाते, हॅण्डलवर रेलून बसलं की ती चेपते. मानेचं तर तुला ठाऊकच आहे, मणक्यांची झीज. पाठ पुढे वाकलेली आणि डोळे रस्त्यावर, म्हणजे मान सतत मागे मोडलेली. घरी आल्यावर शर्ट डोक्यातून काढताना आई आठवायची. तिसरी जागा कुठली ते सांगत नाही, कारण पत्र तू मोठ्याने वाचून दाखवणार.

उपाय सगळे झाले. मध्ये खाच असलेली सीट, जेलची सीट, चामड्याची सीट. गॅरेजमध्ये नुसत्या सीटांनी भरलेली एक पिशवी आहे. मग हॅण्डल वर घेतलं. हातावरचा भार गेला, तो सगळा बुडाखाली आला. बूड वाचवायला पुढे सरकलो की परत हात. दुचाकीवर माणसाचं वजन पाय, हात आणि बूड या तिघांतच वाटायचं असतं. एकाचा हप्ता कमी केला की दुसऱ्याचा वाढतो, चौथा कोणी भागीदारच नाही. डॉक्टर म्हणाले, व्यायामाची सायकल आणा घरी. आणली. तळघरात भिंतीकडे तोंड करून पायडल मारायची, समोर बॉयलर. त्याला मी सायकल चालवणं म्हणत नाही.

या तीनचाकीत चौथा भागीदार आहे, पाठ. सगळी गंमत एवढीच. जाळीची खुर्ची, तिला मागे कललेली पाठ, आणि त्यात तू अर्धवट पहुडलेला. बुडापासून खांद्यापर्यंत वजन पसरतं. हातांना वजन पेलायचं कामच उरत नाही. ते मांड्यांच्या शेजारी खाली लोंबतात आणि हॅण्डल नुसतं धरून असतात. पायडलं तुझ्यापुढे, जवळजवळ छातीच्या रेषेत. माझ्या गाडीला दोन चाकं पुढे आणि एक मागे. याला टॅडपोल म्हणतात. पुढे एक आणि मागे दोन असली तर डेल्टा. डेल्टाची खुर्ची बहुधा जरा उंच असते, उठबस सोपी. पण वळणावर टॅडपोल जमिनीला जास्त धरून राहते, म्हणून मी ती घेतली.

आता ही यंत्राची माहिती तुझ्यासाठी, कारण सायकल उघडून बसायची तुझी खोड अजून गेलेली नसणार. पुढची चाकं वीस इंची, मागचं सव्वीस. खुर्ची जमिनीपासून जेमतेम फूटभर. वजन सतरा-अठरा किलो. पायडलं पुढे आणि ओढायचं चाक मागे, त्यामुळे साध्या सायकलच्या जवळपास तीन चेन जोडाव्या लागतात एवढी लांब चेन. ती खुर्चीखालून प्लॅस्टिकच्या नळ्यांतून आणि एका कप्पीवरून जाते. त्या कप्पीचा बारीक घरघर आवाज सतत कानाजवळ असतो, आणि तो बदलला की समजायचं, तेल संपलं. ब्रेक दोन, दोन्ही पुढच्या चाकांना. डाव्या मुठीचा डाव्या चाकाला, उजवीचा उजव्याला. मागच्या चाकाला ब्रेक नाही. शिवाय मोटारीसारखा पार्किंग ब्रेक हवाच. नाहीतर तू उतरलास की ही उतारावरून एकटी फिरायला निघेल.

आता तुझ्या "अपंगांची गाडी" या शेऱ्याबद्दल. एक तर अपंगांची असती तरी त्यात हसण्यासारखं काय होतं? पाय, तोल किंवा अर्धं अंग गेलेली माणसं अशाच गाड्यांवर इथे मजेत फिरतात, आणि मला मागे टाकतात. दुसरं म्हणजे, पाठ टेकून सायकल चालवायची ही तऱ्हा बाद झाली ती जास्त वेगवान ठरली म्हणून. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचा गृहस्थ आधी पायडलवर चालणाऱ्या चारचाकी बनवायचा. मग त्याने पाठ टेकून चालवायची दुचाकी केली. १९३३ च्या जुलैत फ्रान्सिस फॉर नावाच्या दुसऱ्या फळीतल्या सायकलपटूने तीवर बसून तासाभरात ४५ किलोमीटरांचा टप्पा ओलांडला. आधीचा विक्रम १९१४ पासून कोणाला हलला नव्हता. बड्या बड्या खेळाडूंना न जमलेलं दुसऱ्या फळीतल्याने केलं, तेही पहुडून! पुढच्याच वर्षी सायकलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम असा बांधला की ही सायकल शर्यतींतून बाहेर. कारखान्यांनी मग तिच्यात पैसा कशाला घालावा? तू आणि मी आयुष्यभर ज्या घडणीची सायकल चालवली, तिला शर्यतीत प्रतिस्पर्धीच ठेवला नव्हता.

वेगाचं श्रेय वाऱ्याला. सपाटीवर थोडा जोर लावला की निम्मी ताकद वारा कापण्यातच जाते, आणि पहुडलेला माणूस वाऱ्याला कमी अडवतो. पण थांब, मी वेगवान झालोय असा समज करून घेऊ नकोस. मोशेची सायकल दोन चाकी होती. माझी तीनचाकी, जड, आणि बसलेला मी. उतारावर मी राजा, सपाटीवर बरोबरीचा, चढावर मागून पहिला. चढावर उभं राहून वजन पायडलवर टाकता येत नाही. सगळ्यात हलका गिअर घ्यायचा आणि भराभर पाय फिरवत बसायचं. जड गिअरवर जोर लावायला गेलास तर पाठीमागे खुर्ची घट्ट असते, सगळा ताण गुडघ्यात. पण चढावर कितीही हळू जा, तोल जात नाही. दमलास तर ब्रेक लाव, पाणी पी, ढग बघ, पुन्हा निघ. दुचाकीवर चढाच्या मध्ये थांबून परत पाय मारताना जी नाचक्की होते ती इथे नाही.

मी चालवतो ती वाट म्हणजे जुना रेल्वेमार्ग. वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन नावाची आगगाडी १९६८ मध्ये बंद पडली, तिच्या रुळांच्या जागेवर डांबरी वाट केली. आर्लिंग्टनमधल्या शर्लिंग्टनपासून पश्चिमेला पर्सेलव्हिलपर्यंत, ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर. पर्सेलव्हिलपर्यंत पोचायला १९८८ उजाडलं. दर अर्ध्या मैलाला अंतराचा खांब आहे. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाहीत, त्यामुळे माझ्यासारख्यांची सोय आपोआप झाली. लीझबर्ग सोडलं की क्लार्क्स गॅपपर्यंत मात्र लांबलचक चढ आहे. तीव्र नाही, चिवट. वर दगडी कमानीच्या पुलाखालून वाट जाते, तिथे उन्हाळ्यातही गार वाटतं. त्याच्या बरंच अलीकडे ॲशबर्नला वाटेच्या कडेने डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती. तुझे हे व्हॉट्सअॅपचे फॉरवर्ड बहुतेक त्यांच्यातूनच गरगरत येत असणार.

इतक्या खालून जग निराळं दिसतं. कुत्री माझ्या डोळ्यांच्या उंचीवर येतात, आणि त्यांना ते फार आवडतं. मालकाशी दोन शब्द बोलेपर्यंत चष्मा चाटून झालेला असतो. मुलं आईचा हात सोडून थांबतात. परवा वाटेवर एक डबीएवढं कासव आडवं चाललं होतं, पाठीवर पिवळे ठिपके. दुचाकीवरून मला ते दिसलं असतं, पण त्याची मान आत जाताना होणारी ती सुरकुती दिसली नसती. मी थांबलो, ब्रेक लावला, हॅण्डलवरून हात सोडून ते पलीकडे जाईपर्यंत तिथेच पडून राहिलो. मागून आलेल्या एका बाईंना वाटलं, मला काही झालं. तूही तेच म्हणाला असतास.

आता गैरसोयी. नाहीतर म्हणशील, विकायला बसलाय.

सगळ्यात मोठी म्हणजे पाय. पायडलावरून पाय घसरून जमिनीला लागला, तर गाडी पुढे जात असते आणि जमीन पाय मागे खेचते, थेट खुर्चीच्या आडव्या नळीखाली. घोटा मोडू शकतो. म्हणून पायडलाला बूट अडकवायचे किंवा टाचेला पट्टे लावायचे, त्यात हयगय नाही. चप्पल घालून कोपऱ्यावर दूध आणायला जायची ही सायकल नव्हे.

वळणावर जोरात गेलास तर आतलं चाक उचलतं. अंग वळणाच्या आत झुकवायचं, दुचाकी चालवणाऱ्याला ते लवकर जमतं. पायाच्या वेगळ्या स्नायूंना काम पडतं, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे ओळखीच्या चढावरही जीव जायचा. पायाची बोटं हृदयाच्या जवळपास उंचीवर, म्हणून कधीकधी तीच बधिर होतात. बूट सैल बांधले की बरं वाटतं. खुर्ची फार मागे कलवली तर समोर बघायला मान पुढे ओढावी लागते, माझ्यासारख्या मानेला ते नको. मी ती जरा सरळ ठेवलीय आणि डोक्याला टेकण लावलंय.

आणि उठणं! बसताना माणूस आपोआप पडतो, उठताना मात्र विचार करावा लागतो. ब्रेक लाव, पाय मागे घे, दोन्ही चाकांवर हात टेक, आणि मग "हुश्श" म्हणून वर. हे "हुश्श" टाळता येत नाही. उठायला धरायच्या दांड्या विकत मिळतात, मी अजून अहंकाराने घेतलेल्या नाहीत. किंमत तीन हजार डॉलरच्या वर, तुझ्यासाठी रुपयांत करून लिहीत नाही. रुंदी अडीच फुटांहून जास्त, म्हणजे घराच्या दारातून तिरकी करून न्यावी लागते. या गाडीला अडखळून तुझ्या वहिनीने तीनदा ठेच खाल्ली आहे, त्याबद्दल फोनवर तीच तुला सांगेल.

मोटारींची भीती वाटते का, हे तू विचारणारच. वाटेवर नाही. रस्ता ओलांडताना वाटते. म्हणून पाठीमागे उंच काठीवर भडक नारिंगी झेंडा, दोन्ही बाजूंना आरसे, आणि दिवसाही लुकलुकणारा दिवा. ड्रायव्हरशी नजरानजर झाल्याशिवाय मी चाक पुढे टाकत नाही.

त्यामुळेच तुला पुण्यात ही घे असं मी सांगणार नाही. तुझ्या कंबरेसाठी कितीही चांगली असली तरी नाही. आपण कॉलेजात सिंहगडाच्या पायथ्याशी सायकली लावून वर जायचो, त्या रस्त्यावर आज ही गाडी नेली तर बसवाल्याला फक्त झेंडा दिसेल, तोही दिसला तर. खड्ड्यांचंही बघ. दुचाकीची एकच रेघ असते, खड्डा चुकवता येतो. हिच्या तीन रेघा, डावीकडची, मधली, उजवीकडची. एक चुकवलास की दुसरी बरोबर त्याच खड्ड्यात. आणि तुमच्या सोसायटीच्या दारातला तो स्पीडब्रेकर? गाडी त्यावर पोटावर बसेल, मागचं-पुढचं हवेत. वॉचमन उचलून काढेल आणि पुढची दहा वर्षं सांगत बसेल.

तेव्हा मोह आवर, पण कंबरेच्या नावाने सायकल सोडल्याचं जे रडगाणं तू गेल्या दिवाळीपासून लावलंयस, ते अर्धंच खरं आहे. तुझ्या कंबरेला पाय फिरवण्याचा त्रास नाही. तिला वाकून बसण्याचा आणि खालून येणाऱ्या दणक्यांचा त्रास आहे. पाठ टेकली तर काय होतं ते एकदा बघ. बरं वाटेलच असं मी म्हणत नाही, माझ्या इथला एक शेजारी दोन महिन्यांत परत दुचाकीवर गेला, त्याला खुर्चीत पडून कंटाळा आला. उभं राहून पायडल मारत, सायकल डावी-उजवी झुलवत चढ चढायची जी मजा होती, ती मलाही कधी कधी सतावते. ती यात नाही, आणि दुसऱ्या कशात मिळेल असं वाटत नाही.

सप्टेंबरात एडिसनला मुलीकडे येतोयस ना? तिथून इथे मोटारीने चार-साडेचार तास. चार दिवस काढून दोघं या. वाटेला लागूनच एक दुकान आहे, तिथे डेल्टा भाड्याने मिळेल का ते विचारून ठेवतो. तुला उंच खुर्चीची पाहिजे, नाहीतर उठवायला मला तुझ्या मुलीला बोलवावं लागेल. हर्नडनहून निघू, ॲशबर्नपर्यंत जाऊ, वाटेत कुठेतरी खाऊ, परत येऊ. सगळा सपाट रस्ता. तुझं हॅण्डल हातात दिलं की तासभर मी एक शब्द बोलणार नाही.

त्याआधी एक काम कर. बूट घालून भिंतीला पाठ लावून जमिनीवर बस, पाय सरळ पसर, आणि भिंतीपासून टाचेच्या तळापर्यंतचं अंतर वहिनींकडून मोजून घे. पायडलाची नळी त्या मापाने पुढेमागे करावी लागते. सेंटीमीटरमध्ये पाठव, "साधारण" म्हणून नको.

तुझा,
दिन्या