सावित्री नदीवर एक पूल 165 दिवसांत होतो, दुसरा का होत नाही? सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. हे पत्र डाव्या हाताने, मोबाइलवर एकेक अक्षर दाबत लिहितो आहे. उजवा हात गळ्यात बांधलेला आहे. कोकणच्या किनारी रस्त्यावर तिन्हीसांजेला माझी सायकल मोरीसाठी खणलेल्या आडव्या चरात गेली आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. तिथे पाटी नव्हती, पिंप नव्हतं, लाल फडकं बांधलेली काठीसुद्धा नव्हती.

मी अमळनेरला शिकवतो. खान्देशातल्या माणसाला कोकणच्या रस्त्याशी काय देणंघेणं, असं आपल्या कार्यालयात कुणाला वाटेल, म्हणून तेच आधी सांगतो. साने गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. 1924 मध्ये ते आमच्या अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले, 1930 मध्ये नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले, आणि 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. आमच्या गावाने त्यांना आपलं मानलं. त्यांच्या जन्मगावी आमच्या मुलामुलींनी सायकलने जावं, समुद्राच्या कडेने जावं, असं आम्ही काही शिक्षकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं. यातल्या बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिलेलाच नाही.

आखणी नीट केली होती. अमळनेरहून रेल्वेने मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा. मग अलिबाग, काशीद, मुरूड. आगरदांड्याला फेरीबोटीत सायकली चढवून दिघी, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून पुन्हा फेरीबोट, पलीकडे वेसवी. तिथून केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली आणि पालगड. अंगात बळ उरलं तर दाभोळ-धोपावे ओलांडून गुहागर, तवसाळहून जयगड, आणि केशवसुतांच्या मालगुंडला नमस्कार करून गणपतीपुळे. भरतीच्या वेळा पाहिल्या, मुक्कामाच्या घरगुती सोयी शोधल्या, पंक्चर काढायला मुलींनाही शिकवलं. डिसेंबर निवडला, कारण पाऊस संपलेला असतो आणि उकाडा सोसण्याइतका असतो.

नकाशात हा रस्ता समुद्राला लागून सरळ दिसतो, प्रत्यक्षात तसा नाही. प्रत्येक खाडीला उतरायचं, पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळी पठारावर, चढायचं. आमच्या तापीकाठच्या सपाटीवर तयार झालेल्या पायांना हे चढ जड जातात, म्हणून मुलांना नेण्याआधी आम्ही मोठी माणसं पाहणीला गेलो. चढांनी आम्हाला हरवलं नाही. उतारावर, वळणाच्या तोंडाशी, कुणा ठेकेदाराने उघडा टाकलेल्या त्या चराने हरवलं.

पडल्यावर काय होतं ते आपल्याला कळावं म्हणून लिहितो. मागून सोबत्याची हाक आली, ‘काय व्हयनं?’, आणि मला उत्तर देता येईना. मोबाइलला रेंज नव्हती. मासळी नेणाऱ्या टेम्पोवाल्या भाऊंनी मला पुढे बसवलं, सायकल मागे टाकली आणि एक रुपया घेतला नाही. पहिल्या दवाखान्यात एक्स-रे काढणारा माणूस रजेवर होता. दुसरा दवाखाना येईपर्यंत रस्त्याचा प्रत्येक खड्डा मी हाडात मोजला. परतीच्या गाडीत रात्रभर आडवं होता आलं नाही. आता फळ्यावर लिहिता येत नाही, शर्टाचं बटण लावायला बायकोला बोलवावं लागतं, गॅदरिंगच्या तोंडावर घरी बसलो आहे. सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. पालकांनी संमतीपत्रं परत घेतली. ‘सर पडले तिथे आमची पोरगी कशी पाठवू?’ या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहल रद्द झाली.

त्याच रस्त्याबद्दल जाण्याआधी मी एका कार्यालयात फोन केला होता. पावसाळ्यानंतर काम पूर्ण झालेलं असेल, निर्धास्त या, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं. पडल्यानंतर त्यांनाच फोन केला, तर तो तुकडा आमच्याकडे येत नाही म्हणाले. ज्यांच्याकडे पाठवलं त्यांनी तिसऱ्याकडे पाठवलं. पूल एकाकडे, रस्ता दुसऱ्याकडे, जेट्टी तिसऱ्याकडे. माझं हाड नेमकं कोणाच्या हद्दीत मोडलं, एवढं तरी शासनाने ठरवून मला लेखी कळवावं.

आता मोठ्या गोष्टीकडे येतो. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं स्वप्न अंतुले मुख्यमंत्री असताना, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं गेलं. सुमारे 500 किलोमीटरचा हा रस्ता. तेव्हा जन्मलेली मुलं आज चाळिशी ओलांडून गेली आणि खाड्यांवरचे मोठे पूल अजून व्हायचे आहेत. बागमांडला-बाणकोट पुलाचं काम दहा वर्षांपूर्वीच सुरू झालं आणि मध्येच थांबलं. ती खाडी म्हणजे सावित्रीचं मुख. याच सावित्रीवर, वर महाडजवळ, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. त्यानंतर तिथे नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. नदी तीच, राज्य तेच. म्हणजे पैसा, यंत्रं, इंजिनिअर सगळं आपल्याकडे आहे. फक्त आधी माणसं वाहून जावी लागतात.

फेरीबोटी आहेत म्हणून आज हा किनारा जोडलेला आहे. आम्हा सायकलवाल्यांना त्या आवडतातही. पण रात्री बाळंतीणबाईला पलीकडे न्यायचं असेल तर त्या गावांनी काय करायचं? मी पाहुणा होतो, पडलो आणि घरी आलो. ते लोक तिथेच राहतात.

बाणकोटचं ते अर्धवट काम पाहिलं आणि मला लगेच आमचं पाडळसे आठवलं. अमळनेर तालुक्यात तापीवरचं हे धरण नव्वदीच्या दशकात मंजूर झालं, अजून पूर्ण नाही. आंदोलनं झाली, निवडणुकांमागून निवडणुका त्याच्या नावावर लढल्या गेल्या, भाव वाढत गेले, आणि पाणी डोळ्यांदेखत खाली गुजरातकडे वाहून जातं. फागणे ते तरसोड रस्त्याच्या चौपदरीकरणाने धुळे-जळगावकरांची किती वर्षं खाल्ली! जळगावकरांना महामार्गाला समांतर रस्ते मिळावेत म्हणून रस्त्यावर उतरावं लागलं. तिकडे मुंबई-गोवा महामार्ग 2011 पासून रुंद होतोच आहे. कोकण असो की खान्देश, भूमिपूजनाला सगळे येतात, पूर्ततेच्या तारखेला कोणी नसतं. 2022 या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून जास्त माणसं मेली, हा केंद्र सरकारचा आकडा आहे. त्यातल्या किती जणांच्या मरणाबद्दल एखाद्या ठेकेदाराला किंवा अभियंत्याला शिक्षा झाली?

सायकल चालवणारा माणूस या राज्याच्या हिशेबातच नाही. आमच्या तालुक्यात शेकडो मुली सायकलवर शाळेत येतात. शासन त्यांना सायकली देतं आणि त्या चालवायला रस्त्याची कड देत नाही. डांबराच्या थरामागून थर चढतात, कडेला वीतभर पायरी तयार होते, मागून डंपर आला की पोरगी खाली मातीत उतरते. सागरी महामार्गाच्या नव्या निविदांच्या बातम्या वाचतो आहे. त्या आराखड्यात सायकलसाठी पक्की, सलग कड आताच धरा. रस्ता झाल्यावर ती कोणी देणार नाही.

आणि तोवर जिथे खणलं आहे तिथे दोन्ही बाजूंना चमकणाऱ्या पाट्या आणि रात्रीचा दिवा लावा. न लावणाऱ्याचं बिल अडवा. प्रत्येक जेट्टीवर आणि तिच्या आधीच्या नाक्यावर फेरीबोटीच्या पहिल्या-शेवटच्या वेळा मराठीत लिहा. मुलींसाठी पाणी असलेलं, कुलूप नसलेलं स्वच्छतागृह तिथे असू द्या. यातल्या एकाही कामाला मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही.

भरपाई मागत नाही. उत्तरात ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य नको. बाणकोटचा पूल कोणत्या तारखेला वाहतुकीला खुला होईल आणि तो चर कोणत्या तारखेला बुजेल, या दोन तारखा आणि त्या पाळण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांची नावं कळवा. पुढच्या डिसेंबरच्या संमतीपत्रांसोबत आपलं उत्तर मला पालकांना दाखवायचं आहे.

आपला,
अमळनेरचा एक शिक्षक