पोर्ट-फॉरवर्ड म्हणजे दुरुस्ती नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुबरनेटिस (कंटेनरमधली ॲप्स चालवणारी प्रणाली) शिकताना लॅपटॉपवरच्या क्लस्टरमधली सर्व्हिस (ॲपपर्यंत नेणारा स्थिर पत्ता) ब्राउझरमध्ये उघडली नाही की विद्यार्थ्यांना सर्रास एकच तोडगा सांगितला जातो : ‘पोर्ट-फॉरवर्ड कर, चालेल.’ म्हणजे एका कमांडने लॅपटॉपचा पोर्ट थेट ॲपला जोडायचा. चालतं हे खरं, पण दोष जागच्या जागी राहतो. शिकवणाऱ्यांनी याचा विचार करावा, म्हणून हे पत्र.

पोर्ट-फॉरवर्ड सर्व्हिसच्या वाटेने जातच नाही. तो एक पॉड (ॲपचा कंटेनर ज्यात चालतो ते एकक) निवडतो, थेट त्याच्या आत शिरतो आणि तिथल्या लोकलहोस्टला जोडून देतो. त्यामुळे फ्लास्कचं (पायथॉनच्या वेब-फ्रेमवर्कचं) ॲप फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे लोकलहोस्टवर, ऐकत असलं (फ्लास्कचा डिफॉल्ट तोच आहे) तरी पान दिसतं. तेच ॲप नोडपोर्टने (नोडच्या, म्हणजे क्लस्टरमधल्या यंत्राच्या, पोर्टवरून) उघडायला जावं तर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. मग मुलं कुबरनेटिसची वायएएमएल (कॉन्फिग) फाइल रात्रभर उलटीपालटी करत बसतात. दुरुस्ती असते ॲपच्या एका ओळीत : होस्ट ०.०.०.० (म्हणजे सगळ्या पत्त्यांवर ऐक) करायचा आणि इमेज पुन्हा बिल्ड करायची.

तपास आतून बाहेर करत यावा. आधी सर्व्हिसचे एंडपॉइंट्स (ती ज्या पॉड्सकडे विनंती पाठवते त्यांचे पत्ते) पाहा. यादी रिकामी असेल तर सर्व्हिसचा सिलेक्टर (लेबलवरून पॉड निवडणारी अट) आणि पॉडचं लेबल अक्षर न् अक्षर ताडून पाहा. ते जुळत असेल तर रेडिनेस प्रोब (पॉड तयार आहे का याची तपासणी) नापास होतोय का ते बघा. रिकाम्या यादीलाही बाहेरून ‘रिफ्यूज्ड’च दिसतं, म्हणून नुसत्या संदेशावरून निदान करू नये. यादीत पत्ता असेल तर क्लस्टरमध्ये तात्पुरता पॉड उभा करून त्या पत्त्यावर आणि पोर्टवर कर्ल मारा (कर्ल कमांडने विनंती पाठवा). १२७.०.०.१ चा घोळ, चुकलेला टार्गेटपोर्ट (सर्व्हिस पॉडच्या ज्या पोर्टकडे पाठवते तो) इथेच पकडला जातो. त्यानंतर सर्व्हिसचा आयपी, मग नोड, आणि शेवटी लॅपटॉप.

आत सगळं ठीक असूनही बाहेरून ‘टाइमआउट’ येत असेल, तर विनंती बहुधा नोडपर्यंत पोहोचतच नाही. मॅक आणि विंडोजवर डॉकर स्वतः एका व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो. त्यामुळे मिनीक्यूबने (लॅपटॉपवर क्लस्टर उभारणाऱ्या साधनाने) दाखवलेला १९२.१६८.४९.२ सारखा पत्ता लॅपटॉपवरून लागत नाही. तिथे ‘मिनीक्यूब सर्व्हिस’ ही कमांड वापरावी लागते आणि ते टर्मिनल उघडं ठेवावं लागतं. लोडबॅलन्सर प्रकारच्या सर्व्हिसचा एक्स्टर्नल आयपी ‘पेंडिंग’ राहतो, कारण तो देणारा क्लाउड लॅपटॉपवर नसतो. त्याला उपाय ‘मिनीक्यूब टनेल’ ही कमांड किंवा मेटलएलबी हे साधन.

काइंड (डॉकरमध्ये क्लस्टर चालवणारं दुसरं साधन) वापरणाऱ्यांनी एक जपावं. ३००००–३२७६७ मधला नोडपोर्ट यजमान यंत्राच्या पोर्टशी जोडायचा असेल, तर ते मॅपिंग क्लस्टर तयार करतानाच्या कॉन्फिगमध्ये लिहावं लागतं. राहून गेलं तर क्लस्टर पाडून नव्याने उभारावा लागतो.

क्लासचालकांना विनंती, की पहिल्या दिवशी एंडपॉइंट्सची यादी वाचायला शिकवावी. पोर्ट-फॉरवर्ड दुसऱ्या दिवशी शिकवलं तरी चालेल.

आपला,
एक वाचक, पुणे