मास्टर कोणाच्या नावावर?

महोदय,
अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलाकारांची चर्चा पडद्यावर किती चेहरे दिसले, इथेच अडते. खरी मेख करारात असते. गाण्याचे हक्क दोन : शब्द-चालीचा आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा. रेकॉर्ड कंपनी दिलेली आगाऊ रक्कम, बहुधा स्टुडिओचा खर्चही, गायकाच्या रॉयल्टीतून वळती करून घेते. सगळे फिटले तरी मास्टर कंपनीकडेच! गायक रे चार्ल्स यांनी १९५९ मध्ये एबीसी-पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीशी करार करताना मास्टरची मालकी पदरात पाडून घेतली. गायक प्रिन्स यांना मात्र नव्वदच्या दशकात गालावर ‘गुलाम’ लिहून भांडावे लागले.

तिथल्या कायद्याने १९७८ पासूनचे हक्कांचे हस्तांतर कलाकाराला ३५ वर्षांनी रद्द करता येते, तेही पुढच्या पाच वर्षांतच. नोटीस किमान दोन, जास्तीत जास्त दहा वर्षे आधी द्यायची. ‘वर्क फॉर हायर’ म्हणजे कंपनीने करवून घेतलेले काम; त्याला ही सवलत नाही. करारात तसे लिहिलेले असले की कंपन्या नेमके तेच पुढे करतात.

दिग्दर्शक रायन कूगलर यांनी ‘सिनर्स’ (२०२५) या चित्रपटाचे हक्क २५ वर्षांनी परत मिळण्याची अट वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओकडून मान्य करून घेतली. कथेसाठी अनेक स्टुडिओ रांगेत होते, म्हणून ते जमले. नवख्या दिग्दर्शकाला ही अट कोण घालू देणार?

– एक वाचक, पुणे