‘सर, तुमचं प्रोबेशन आहे ना अजून?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील ‘टेन्युअर’वरचा, म्हणजे प्राध्यापकाच्या कायम नोकरीवरचा, कालच्या अंकातला लेख वाचला आणि रात्री नीट झोप लागली नाही. तिकडच्या प्राध्यापकाला सहा-सात वर्षे स्वतःला सिद्ध करावे लागते, आपल्याकडचा वर्ष-दोन वर्षांत कायम होतो आणि मग हातपाय हलवत नाही, असा लेखाचा सूर आहे. लेखक अभ्यासू असतील, पण त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली. तिकडच्या प्राध्यापक संघटनेच्या १९४० च्या निवेदनात परिविक्षा काळ (प्रोबेशन, म्हणजे कायम होण्याआधीची पारख) सात वर्षांपेक्षा जास्त नसावा असे आहे. कायम नोकरीचे हे संरक्षण कशासाठी, तेही तिथेच लिहिले आहे. शिक्षकाला मोकळेपणी शिकवता यावे, संशोधन करता यावे, बोलता यावे म्हणून. ते लेखात का आले नाही?

मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात जून १९९५ मध्ये इतिहासाचा अधिव्याख्याता म्हणून लागलो. दोन वर्षांचा परिविक्षा काळ संपायला जेमतेम अडीच महिने उरले होते. बी.ए. प्रथम वर्षाचा पेपर होता, मी पर्यवेक्षक. खिडकीजवळच्या मुलाच्या पायमोज्यातून गाइडची पाने निघाली, मोजून ११. उत्तरपत्रिका आणि पाने पाकिटात घालून मी कॉपीचा अहवाल दिला. मुलगा संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याचा पुतण्या, हे हॉलबाहेर आल्यावर कळले. संध्याकाळी प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावले, चहा मागवला आणि एवढेच विचारले, ‘सर, तुमचं प्रोबेशन आहे ना अजून?’

अहवाल मी मागे घेतला नाही. जूनमध्ये कायम केल्याच्या पत्राऐवजी एक वर्षाच्या मुदतवाढीचे पत्र हातात पडले. कारण एका ओळीत, ‘काम समाधानकारक नाही.’ कोणते काम, कोणी पाहिले, काही नाही. घरात दोन लहान लेकरं, गावाकडे म्हातारे आईवडील.

पुढच्या परीक्षेत त्याच हॉलमध्ये एका मुलाच्या मांडीखाली कागद दिसला. मी पाहिला, आणि मी पाहिल्याचे त्यानेही पाहिले. मी फळ्याकडे वळलो. पेपर संपेपर्यंत त्या रांगेत फिरकलो नाही. जूनमध्ये कायम झालो. नंतरच्या २२ वर्षांत कोणाचाही पुतण्या असो, कॉपी सोडली नाही आणि मला बोलावून विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. पण तो मांडीखालचा कागद अजून डोळ्यांसमोरून जात नाही. कायम झाल्यावरच मला परीक्षेच्या हॉलमध्ये मान वर करून फिरता आले, एवढे लेखकांनी समजून घ्यावे.

आज नियम कागदावर चांगला आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमानुसार परिविक्षा एक वर्षाची. वाढवायची तर फार तर आणखी एक वर्ष, तीही पहिले वर्ष संपण्याआधी आदेश काढून. काळ संपला की ४५ दिवसांत कायम केल्याचा आदेश द्यावाच लागतो. पण त्यासाठी आधी नेमणूक तर हवी! माझा एक विद्यार्थी सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झालेला, पीएच.डी. झालेला, ११ वर्षे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, दोन कॉलेजांत शिकवतो आहे. राज्याने २०२१ मध्ये सहायक प्राध्यापकांच्या २,०८८ जागा भरायला परवानगी दिली, तेव्हा तो पेढे घेऊन आला होता. अजून दर जूनला तोच अर्ज, तीच मुलाखत, ‘वर्कलोड किती बसतो ते बघू’ हेच उत्तर. सुट्ट्यांचे पैसे नाहीत, घेतलेल्या तासांचे बिल कधी निघेल याचा नेम नाही. यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० रुपये ठरवले, तेवढे त्याला कधी मिळाले नाहीत. परीक्षेत पर्यवेक्षक म्हणून मात्र त्यालाच उभे करतात. तो कॉपी पकडतो का, हे मी त्याला विचारलेले नाही. मला तो अधिकार नाही.

आणखी एक. गेल्या वर्षी आमच्याच जिल्ह्यात त्याच्या विषयाची जागा निघाली. जाहिरात आपल्याच दैनिकात होती, पण दुसऱ्या विभागाच्या आवृत्तीत. आमच्याकडे येणाऱ्या अंकात एक ओळही नव्हती. त्याला कळले तेव्हा अर्जाची मुदत संपून चार दिवस झाले होते. बीड जिल्ह्यातल्या कॉलेजची जागा बीडच्या वाचकाला का दिसू नये? अशी जाहिरात कोणत्या आवृत्तीत जावी हे आपल्याकडे कोण ठरवते, ते याच सदरात छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई