नापाच्या सहलीविषयी, काळजी मिटावी म्हणून

सॅन होजे, कॅलिफोर्निया
२० सप्टेंबर

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. मी वाइन चाखायला जाणार आहे असे दादाने तुम्हाला सांगितले ते खरे आहे, पण अर्धेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पुढच्या शनिवारी ऑफिसातली आम्ही काही मंडळी द्राक्षबागा आणि वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या नापा खोऱ्यात दिवसभरासाठी जाणार आहोत आणि आखणी माझ्याकडे आली आहे, कारण निफाडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी म्हटल्यावर मला वाइनमधले सगळे कळते, असा इथे सर्वांचा समज आहे.

आई, गाडी आमच्यापैकी कोणीही चालवणार नाही; चालकासह व्हॅन ठरवली आहे. नापा गाव इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे आणि तिथून कॅलिस्टोगापर्यंत खोरे पन्नासेक किलोमीटर पसरले आहे. मधला महामार्ग २९ शनिवारी तुंबतो, म्हणून पूर्वेच्या सिल्व्हराडो ट्रेलने थेट कॅलिस्टोगा गाठायचे आणि मग खाली उतरत यायचे. सकाळी शातो मॉन्टेलेना ही वायनरी (वाइन बनवण्याचे ठिकाण), जिच्या १९७३ च्या शार्डोने या पांढऱ्या वाइनने १९७६ मध्ये पॅरिसच्या चाचणीत फ्रेंच वाइनना मागे टाकले. दुपारी सेंट हेलेनात जेवण (माझ्यासाठी शाकाहारी, आधीच सांगून ठेवले आहे). नंतर ओकव्हिलजवळची एक वायनरी, आणि मग परत. एका दिवसात पाच-सहा ठिकाणे उरकणारे लोक असतात, पण त्यांना शेवटच्या पेल्याची चव कळत असेल असे मला वाटत नाही.

आता इथली एक रीत नीट समजावून सांगते, म्हणजे गैरसमज राहणार नाही. चाचणीला बसले की प्रत्येक वाइन जेमतेम ३० मिलिलिटर ओततात. पेला दांडीला धरायचा, फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि नंतर समोरच्या भांड्यात थुंकून टाकायचा. याला कोणी हसत नाही. उलट हा माणूस जाणकार आहे असे समजतात, कारण चव जिभेला आणि नाकाला कळते, त्यासाठी गिळावे लागत नाही, आणि चार-पाच वाइन पोटात गेल्यावर पुढची पारखता येत नाही. यासाठी माणशी चांगलेच पैसे मोजावे लागतात. आजीला एवढेच सांगा, की नात पैसे भरून चुळा भरते आहे. माळकऱ्याच्या घराला यात बट्टा लागण्यासारखे काही नाही. नाशकात गंगापूर धरणाजवळच्या वायनऱ्यांत शनिवारी-रविवारी निम्मी मुंबई हेच करायला येते, हेही तिला सांगा.

बाबा, सध्या तिथे तोडणी चालू आहे. उन्हाने घड तापू नयेत म्हणून पुष्कळ ठिकाणी रात्रीच दिवे लावून तोडतात. तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे १९६८ मध्ये तिथल्या स्थानिक प्रशासनाने खोऱ्यातली शेतजमीन कायद्याने राखून ठेवली. आधी वीस आणि पुढे चाळीस एकरांहून लहान तुकडा पाडायला बंदी आली. आपल्या शिवेपर्यंत एनए (बिगरशेती) प्लॉटचे फलक आले आहेत, तेव्हा हे वाचताना तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. तुमच्या ऑक्टोबर छाटणीला मजूर मिळत नाहीत आणि मी दुसऱ्यांच्या बागा पाहायला पैसे मोजते, हे मनात येत नाही असे समजू नका. माझा वाटा तसा फार नाही, आणि तो मी इतर खर्चातून वाचवला आहे.

सोसायटीचा हप्ता आणि छाटणीची मजुरी मिळून रक्कम दादाच्या खात्यावर सोमवारी पाठवते. दिवाळीला मात्र येणे जमणार नाही. व्हिसाचे काम अडले आहे, आता निघाले तर परत येण्याची शाश्वती नाही. आई, रागावू नकोस.

आत्याने सुचवलेले सॅक्रामेंटोचे स्थळही त्या दिवशी सेंट हेलेनात जेवायला येणार आहे. नापा दोघांनाही सोयीचे पडते, शिवाय चार माणसांत भेट झालेली बरी. तो पितो का, हे तुम्ही विचारणारच. तेही तिथेच कळेल. माझे मत मी रविवारी फोनवर सांगेन, तोपर्यंत आत्याला काही कळवू नये आणि पत्रिका कोणाला दाखवू नये.

आपली,
ताई