त्या निळ्या फोटोबद्दल

ती. आई आणि बाबा,

शि. सा. नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण दर रविवारी बाबा विचारतात, "काय म्हणतेय गाडी?" आणि मी म्हणते, "मस्त." मग आईचे गुडघे, बाबांच्या डोळ्यांतले थेंब यांवर गाडी वळते आणि माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून आज लिहायलाच बसले.

बाबा, तुमच्या मोबाइलच्या पडद्यावर जो फोटो आहे ना, आपली जुनी ट्रायम्फ हेराल्ड, निळी, छप्पर मागे दुमडलेलं, शेजारी मी फडक्याला हात पुसत उभी, ती गाडी आता तशी राहिलेली नाही. तो निळा रंग मी गेल्या आठ महिन्यांत सगळा खरवडून काढला. चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, गॅरेजच्या मधोमध आहे, बॉडीचा मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर, बॉनेट भिंतीला टेकून जुन्या गादीवर, आणि उरलेली गाडी चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांत. तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फोटो दाखवता हे आईने सांगितल्यापासून मला जरा चोरट्यासारखं होतंय.

फोटो काढला तेव्हा मी तुम्हाला फसवत नव्हते. मलाच ती झाली असं वाटत होतं. मागच्या उजव्या चाकावरची कमान खालून जाळी झाली होती. मी काय केलं, तर गंजलेल्या भागावर वरून पत्र्याचा तुकडा ठेवला, चारी बाजूंनी बोटभर जास्त, आणि वेल्ड मारून दिला. वर पुट्टी थापली, घासली, साधा प्रायमर मारला, त्यावर स्प्रेच्या डब्यातला रंग. चार दिवसांत काम फत्ते! एक पाऊस गेला आणि तिथे टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा आला. मी तिकडे बघायचं टाळलं. पंधरा दिवसांनी तो शर्टाच्या बटणाएवढा झाला. शेवटी नखाने दाबला, तर रंगाचा पापुद्रा आत गेला आणि खालून तपकिरी पाण्याचा ओघळ आला. स्क्रू ड्रायव्हर घालून जरा उचकटलं, तर पुट्टीचं ढेकूळच हातात. करंगळीएवढं जाड. ती दोन-तीन मिलिमीटरच्या वर भरायची नसते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्या रात्री एक चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून मी सगळ्या गाडीवरून फिरवलं. खाली पत्रा असेल तर ते ओढलं जातं, जाड पुट्टी असेल तर घसरून पडतं. जिथे पडलं तिथे खडूने गोल काढत गेले. सतरा गोल झाले. सगळे माझे नव्हते, आधीच्या मालकांनीही हीच हातचलाखी केली होती. पण त्यातले पाच नक्की माझे.

आई, तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण तू कुठलाही कपडा हातात घेतलास की आधी उलटा करून बघतेस. मी पत्र्याला माया ठेवली होती. कापडाला ती लागतेच, पत्र्याला तीच नडते. एकावर एक आलेल्या दोन पत्र्यांमधल्या फटीत पाणी ओढलं जातं आणि मग वाळतच नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो दोन्ही पत्रे आतून रेटायला लागतो. कारखान्यातले स्पॉट वेल्ड म्हणजे तुझे टाकेच समज. जुन्या गाडीत दोन टाक्यांच्या मधे पत्रा उशीसारखा फुगलेला दिसतो. बाहेरून रंगाला फोड येतो तेव्हा आतलं काम केव्हाच झालेलं असतं.

म्हणून गाडी पुन्हा उसवली. अक्षरशः उसवली. प्रत्येक टाका शोधायचा, त्यावर पोगराने, म्हणजे टोकदार पंचने, खूण करायची आणि खास कटरने फक्त वरच्या पत्र्यातून छेद द्यायचा, खालच्याला धक्का न लावता. मग गंज संपून चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापत मागे जायचं. तू ब्लाउजसाठी कागद कापायचीस तसे मी पुठ्ठ्याचे बेत कापले, ते पत्र्यावर ठेवून आखले. तुकडा कडेला कड लागेल असा, मायेशिवाय बसवायचा. आणि सरळ शिवत जायचं नाही. आधी एक टाका इथे, दुसरा पार त्या टोकाला, तिसरा मधे. हात लावता येईल इतका पत्रा निवला की पुढचा. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा आहे, वेल्डिंगची तार ०.६ मिलिमीटरची. एकाच जागी उष्णता साठली तर निवताना पत्रा आक्रसतो आणि शेजारी चुण्या पडतात.

पडल्याच. एका संध्याकाळी कंटाळून मी वीतभर वेल्ड एका दमात ओढला. सकाळी बघते तर मागचं मडगार्ड दाबलं की "टॉक" करून आत जायचं, सोडलं की "टॉक" करून बाहेर. डब्याचं झाकण वाजतं तसं. आतून डॉली, म्हणजे आधाराचा लोखंडी ठोकळा, धरून बाहेरून हातोडीने ठोकलं, तर पत्रा आणखी ताणला आणि टॉक मोठा झाला. तो आवाज घालवायला दोन दिवस गेले. फुगवट्याच्या मधे नाण्याएवढा ठिपका लालबुंद तापवायचा, कडेकडेने हलके ठोके द्यायचे आणि ओलं फडकं दाबायचं. चर्र होतं आणि ढिला पत्रा आकसून घट्ट होतो. ही एक गोष्ट मला जमली याचा, खरं सांगते, पगारवाढीपेक्षा जास्त आनंद झाला.

आता बाबांचं प्रकरण. (आधी एक किरकोळ दुरुस्ती: तुम्ही सगळ्यांना "विंटेज" सांगता. काटेकोर हिशेबात विंटेज म्हणजे १९३० पर्यंतच्या गाड्या. आपली ट्रायम्फ हेराल्ड १९६३ ची, तिला क्लासिक म्हणतात. पण तुम्ही विंटेजच म्हणा, ऐकायला बरं वाटतं.)

खिडकीची कुजलेली चौकट काढताना तुम्ही आधी कर्णावर पट्टी ठोकायचा आणि मला दोन्ही कर्ण मोजायला लावायचा. "सारखे आले तर गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे, नाहीतर नाही, डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही." हे वाक्य मला पाठ आहे. आणि तरी पहिल्या वेळी बॉडी चासीवरून उचलताना मी पट्टी मारली नव्हती. छप्पर असलेल्या गाडीत दरवाजाची चौकट वरून बांधलेली असते. उघड्या गाडीत वर काहीच नाही, नुसती उघडी पेटी. उचलली की मधे वाकते. पुन्हा बसवल्यावर उजवा दरवाजा लागेना. कर्ण मोजले तर सहा मिलिमीटरचा फरक. तेव्हा दरवाजाची कड घासून मी तो कसाबसा लावला होता. फोटोत तो बंद दिसतो, पण खालची फट बोट जाईल एवढी आहे आणि वरची कागदही जाणार नाही एवढी. मोठा करून बघा.

या खेपेला दोन्ही दरवाजांच्या जागी आडवी आणि तिरकी चौकोनी नळी वेल्ड केली, मगच बोल्ट सोडले. सगळं काम होईपर्यंत त्या नळ्या निघणार नाहीत.

हेराल्डच्या बाबतीत एक नशीब मात्र आहे, आणि त्यामागची गोष्ट तुम्हाला आवडेल. ट्रायम्फच्या बॉडी बनवून देणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतली. अख्खी बॉडी एका ठिकाणी बनवून घ्यायची सोय उरली नाही. मग ठरलं की गाडी तुकड्यांत बनवायची, वेगवेगळीकडून आणायची आणि स्वतंत्र चासीवर बोल्टने जोडायची. आकार दिला इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने. १९५९ मध्ये गाडी आली, उघडी आवृत्ती पुढच्या वर्षी. ज्या काळात इतर कारखाने चासीच काढून टाकत होते, त्या काळात ही नाइलाजाने जुन्या पद्धतीने बांधली गेली, आणि त्या नाइलाजामुळेच आज माझ्यासारखीला ती घरी सुटी करता येते. दरवाजांखालच्या पट्ट्यासुद्धा नुसत्या बोल्टवर आहेत. दुसऱ्या बऱ्याच उघड्या गाड्यांमध्ये तीच पट्टी गाडीचा कणा असते आणि ती कापली की गाडीच दुमडते.

तोटा असा की तुकडे जितके जास्त, तितक्या फटी जास्त. बॉडी आणि चासीच्या मधे वॉशर आणि पातळ चकत्या घालून त्या जुळवाव्या लागतात. इथे एक चकती काढली की तिथली फट उघडते. एकदा रात्री साडेअकराला मी डाव्या मागच्या कोपऱ्यात एक चकती वाढवली आणि उजवा दरवाजा आपसूक लागला. असं का झालं याची नोंद माझ्या वहीत तीन पानं आहे.

आई, तुझ्या प्रश्नांची उत्तरं ओळीने देते म्हणजे पुन्हा विचारू नकोस. पेट्रोलची टाकी सर्वात आधी काढून घराबाहेर ठेवली. केस बांधून टोपीत. अंगात जाड सुती कपडे, नायलॉन काही नाही. ग्राइंडर चालवताना चष्मा आणि त्यावर चेहऱ्याची ढाल. शेजारी आग विझवायचं नळकांडं. वेल्डिंग संपल्यावर अर्धा तास मी तिथेच बसते, कारण पत्र्याच्या पाठीमागचं जुनं डांबरी अस्तर आतल्या आत धुमसत राहतं. एकदा धूर दिसला आणि तेव्हापासून ही सवय लागली. जुन्या रंगात आणि सांध्यांमधल्या भरणीत शिसं असू शकतं, म्हणून तिथे कोरडं घासत नाही. ते कपडे वेगळे धुते. बिजागऱ्या आणि छोट्या पट्ट्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवून बॅटरी चार्जरने गंज काढते, पण बाहेर मोकळ्यावर, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. जेवते वेळेवर. हे शेवटचं खोटं आहे.

पत्र्याचं काम संपलंय. आता उघड्या लोखंडावर आधी इपॉक्सी प्रायमर, कारण साध्या प्रायमरमधून ओल खाली झिरपते. पुट्टी त्याच्यावर, आणि तीही कागदाएवढी. मग काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारायचा आणि लांब सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून घासायचं. उंचवट्यावरचा काळा लगेच निघतो, खळग्यातला तसाच राहतो. म्हणजे आपल्या चुका आपल्यालाच काळ्यावर करड्या दिसतात. तरीही शेवटचा निवाडा तळहाताचा. सुती हातमोजा घालून, डोळे मिटून, हात लांब सरकवायचा. डोळ्याला जी लाट दिसत नाही ती तळव्याखाली येते.

शेवटचा रंग मात्र मी घरी मारणार नाही. हार्डनर घालून मारायच्या त्या रंगात आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो आणि साध्या मास्कने ते भागत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तेवढं काम ज्यांच्याकडे रंग मारायचा बंदिस्त बूथ आहे त्यांच्याकडे देईन. बाबा म्हणतील, एवढं केलंस तर तेवढं का सोडतेस? तर त्याला हे कारण.

सोबत नवा फोटो पाठवतेय. त्यात निळं काही नाही. करड्या प्रायमरमधली मागच्या उजव्या कमानीची आतली बाजू आहे, आरसा धरून काढलेली, म्हणून थोडी वाकडी. आई, तू बघ. डावीकडून चौथा टाका जरा मोठा झालाय, तो मला दिसलाय.

पुढच्या महिन्यात याल तेव्हा बॉनेट चढवायचं ठेवलंय. हेराल्डचं बॉनेट म्हणजे दोन्ही मडगार्डं आणि दिवे सगळं एकत्र, आणि ते पुढच्या बाजूला उलटतं. दोघांना उचलावं लागतं. उचलायला मी आणि माझी मैत्रीण आहोत. बाबा, तुम्ही डाव्या दरवाजापाशी स्टुलावर बसायचं आणि फट सांगायची. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय म्हणून कुरकुर नको, हात ठेवूनच सांगा. आणि आई, छपराचं रेक्झिन आलंय, अजून कात्री लावलेली नाही. तुझा तो आखायचा चपटा खडू मिळतो कुठे ते मला माहीत नाही, तर येताना दोन घेऊन ये.

तुमची,
धाकटी