वाळूतल्या काकांस, बर्फातून

श्री. काका यांस,
सा. न. वि. वि.

पत्र उघडं लिहिते आहे, आणि त्याला कारण तुम्हीच. मार्चमध्ये तुम्हाला विमानतळावर सोडायला आले, तेव्हा आभाराचा पहिला शब्द तोंडातून निघायच्या आत तुम्ही काकूंच्या बॅगेच्या वजनाचा विषय काढलात आणि पुढे संधीच दिली नाहीत. आता नगरला बसून तुम्हाला विषय बदलता येणार नाही. शिवाय इथे मिनीआपोलिसच्या आसपास आमच्यासारखी मराठी घरं पुष्कळ आहेत. एखाद्या घरी रिमोटचा रणगाडा कपाटावर धूळ खात असेल, तर यातलं काही त्यांच्याही उपयोगी पडेल.

आधी माझी कबुली. मुलाच्या अकराव्या वाढदिवसाला त्याच्या आत्याने तो टायगर दिला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याची रिमोटवर चालणारी छोटी प्रतिकृती, तेव्हा मी मनातून नाराज होते. युद्धाची खेळणी मला आवडत नाहीत, अजूनही फारशी नाहीत. पण एकास सोळा मापाची, तोफेसकट अर्धा मीटर लांब अशी ती गाडी चिरंजीवांनी उशाशी घेऊन झोपायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी त्याने ती मागच्या अंगणात नेली. ताज्या बर्फात दोन-तीन फूट गेली आणि बसली. पट्टे गरगर फिरतायत, गाडी जागची हलत नाही. बाहेर उणे अठरा. मी दारातूनच ओरडले, "घरात खेळायची वस्तू बाहेर कशाला नेलीस? आता बिघडली की रडत येऊ नकोस!"

तेवढ्यात शेजारच्या दारातून तुम्ही आलात. लेकीच्या बाळंतपणाला आलेले. काकू डिंकाच्या लाडवांत आणि शेकशेगडीत बुडालेल्या, तुम्हाला घरात कुणी काही करू देत नव्हतं. डोक्याला माकडटोपी, अंगात जावयाचं गुडघ्यापर्यंत येणारं जॅकेट. वाकून बघितलंत आणि म्हणालात, "ट्रॅक फिरतोय ना? मग इंजिनाला काही झालेलं नाही. पोट टेकलंय तिचं." मला वाटलं, म्हातारा माणूस पोराची समजूत काढतोय. सैन्याच्या ईएमईत, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, तुमची सगळी नोकरी रणगाडे दुरुस्त करण्यात आणि राजस्थानच्या वाळूत रुतलेले रणगाडे ओढून काढण्यात गेली, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

रिमोट तुम्ही हातात घेतला नाहीत. मुलगा तो पुढे करत होता, तरीही नाही. उलट त्याला काठी दिलीत आणि बर्फ मोजायला लावलात. पंधरा सेंटिमीटर. "सोळाने गुण." दोनशे चाळीस. "म्हणजे खऱ्या टायगरला दोन मीटर चाळीस सेंटिमीटर बर्फात घातल्यासारखं झालं. गेला असता?" खऱ्या गाडीचं पोट जमिनीपासून ४७ सेंटिमीटर वर, आमच्या गाडीचं जेमतेम तीन. मग वजनाचा हिशेब. खरा टायगर ५७ टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळाने भागल्या की वजन ४०९६ ने भागलं जातं, म्हणजे चौदा किलो व्हायला हवं. प्लॅस्टिकची ही गाडी भरते चारेक किलो. त्यामुळे पट्ट्यांखालचा दाब खऱ्या टायगरच्या मानाने काहीच नाही. "हलकी आहे म्हणून बुडत नाही, आणि हलकी आहे म्हणूनच पकडही नाही. पोट बर्फावर तरंगतं आणि ट्रॅक नुसता वर चाटत राहतो." गणिताला नाक मुरडणारा माझा मुलगा उणे अठरात उभा राहून घनाचं गणित करत होता. त्याच्या शाळेत हे सांगितलं तर खोटं वाटेल.

त्या रात्री तुम्ही दोघांनी बुटांनी तुडवून अंगणात रस्ता केलात. सकाळपर्यंत तो दगडासारखा घट्ट झाला आणि टायगर त्यावरून डौलात निघाला. कडेच्या मोकळ्या बर्फात उतरायचे तुमचे नियम आता आमच्या फ्रिजवर चिकटवलेले आहेत: जागच्या जागी गिरकी घ्यायची नाही, लांब वळण घ्यायचं, रुतली की दामटायची नाही, आल्या चाकोरीनेच मागे यायचं. हे सगळं वाळूतलं. जानेवारीतला इथला बर्फ कोरडा, रव्यासारखा. मुठीत दाबला तरी त्याचा लाडू वळत नाही. तुम्ही तो बोटांतून सोडून बघितलात आणि म्हणालात, "ही वाळूच आहे की, पांढरी." आणि खरोखरच, जे जैसलमेरकडे चालायचं ते इथे चालत गेलं.

फेब्रुवारीत मात्र चालेना. याबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण आभार मुख्यतः याचेच आहेत.

दोन दिवस ऊन पडलं, पारा शून्यापाशी आला. (मराठीत भुरभुरणाऱ्यालाही आपण बर्फच म्हणतो आणि गोठून दगड झालेल्यालाही बर्फच. इथे चार महिने राहिलं की शब्द कमी पडायला लागतात.) गाडीचा उजवा पट्टा सारखा उतरत होता. तुम्ही म्हणालात, सैल झालाय, ताण. चिरंजीवांनी मागच्या आयडलरचा, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या चाकाचा, स्क्रू फिरवून पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला. पाचच मिनिटांत कट्-कट्-कट् असा आवाज आला आणि उजवी बाजू बंद पडली. गिअरबॉक्समधल्या एका प्लॅस्टिकच्या चाकाचे तीन दात गेले होते.

तुम्ही उकिडवे बसून बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत राहिलात. ओला बर्फ पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांमध्ये ठासून भरला होता. चाकाचा घेरच वाढलेला, त्यामुळे आधीच ताणलेला पट्टा आणखी ताणला गेला आणि सगळा जोर गिअरवर आला. आणि तुम्ही माझ्या मुलाकडे वळून म्हणालात, "चूक माझी. तू बरोबर केलंस, मी चुकीचं सांगितलं. मी वाळूतला माणूस, वाळू अशी चिकटून बसत नाही." मग स्वतःच्याच कपाळावर हात मारलात. नगरला पुतण्या पोकलेन चालवतो, काळ्या जमिनीत, भर पावसाळ्यात. चिखलात तो साखळी नेहमीपेक्षा सैल ठेवतो, कारण चिखल भरला की ती आपोआप ताणते. "लहानपणापासून बैलगाडीच्या चाकाला चिखलाचे पेंड बघत आलो आणि इथे येऊन विसरलो. परवाचा बर्फ वाळू होता, आजचा काळी जमीन आहे."

काका, आमच्या घरात 'चूक माझी' हे वाक्य मोठ्या माणसाच्या तोंडून मुलाने फार वेळा ऐकलेलं नाही. माझ्या तोंडून तर नाहीच. बिघडली की रडत येऊ नकोस, असं म्हणणारी मी. त्या संध्याकाळी तुम्ही गेल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "काकाआजोबांना पण माहीत नव्हतं." त्या आवाजात निराशा अजिबात नव्हती, झालाच होता तर आनंद.

पुढचे आठ दिवस, नवा गिअर येईपर्यंत, आमचं जेवणाचं टेबल म्हणजे तुमचं वर्कशॉप. खाली जुनी वर्तमानपत्रं, स्क्रू ठेवायला माझी मसाल्याच्या डब्यातली वाटी (ती परत डब्यात गेलेली नाही). कारखान्यातून आलेलं जाड ग्रीस थंडीत मेणासारखं गोठलं होतं. ते काढून हलकं सिलिकॉन ग्रीस लावलंत. पोटाखालच्या भोकांना चिकटपट्टी आणि आतल्या रिसीव्हर बोर्डाला चक्क फुगा, तोंडाशी रबरबँडने आवळलेला. बॅटरीचं तर मला आधीच कळायला हवं होतं, माझा फोनही थंडीत असाच दगा देतो. निघेपर्यंत बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात, आणि परत आल्यावर ती खोलीइतकी कोमट होईस्तोवर चार्जरला लावायची नाही. लिथियमची बॅटरी गोठलेल्या अवस्थेत चार्ज केली की आतून कायमची खराब होते.

आणि तो चष्म्याचा प्रसंग. गाडी बाहेरून आणून मी थेट हीटरशेजारी ठेवत असे, लवकर वाळावी म्हणून. त्या दिवशी तुम्हीही तिच्यामागोमाग आत आलात आणि चष्मा पांढराफटक झाला. तो पुसता पुसता थांबलात. "थांबा. काचेवर जे धरलं, तेच आत तारांवर धरत असणार." गार वस्तू उबेत आली की हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते, ती दिसत नसली तरी. तेव्हापासून गाडी बाहेरच पिशवीत घालून तोंड बांधायचं, मग गॅरेजमध्ये तास-दोन तास, मग घरात. पाणी पिशवीला बाहेरून धरतं, गाडी आत कोरडी. माझ्या ओरडण्यापेक्षा माझ्या काळजीनेच गाडीचं जास्त नुकसान केलं होतं म्हणायचं.

काश्मीरमधल्या झोजीलाची लढाई तुम्ही सांगितलीत ती एका वादळी रविवारी, बाहेर जाता येत नव्हतं म्हणून. १ नोव्हेंबर १९४८. साडेअकरा हजार फुटांवरची खिंड, वर बर्फ, आणि त्यात सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल हे पाकिस्तानी बाजूच्या स्वप्नातही नव्हतं. जम्मूहून आणताना टरेट, म्हणजे वरचा तोफेचा घुमट, उतरवून, ताडपत्रीखाली झाकून आणले. बालतालच्या पुढची खेचरांची वाट मद्रास सॅपर्सनी, म्हणजे सैन्यातल्या रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरांनी, रुंद केली. सगळ्या मोहिमेचे प्रमुख जनरल थिमय्या, रणगाड्यांच्या रेजिमेंटचे राजिंदर सिंग, ज्यांना सगळे 'स्पॅरो' म्हणत. तुमचा जन्म त्यानंतरचा, पण सांगताना तुम्ही तिथे असल्यासारखं 'आपल्या गाड्या' म्हणत होतात. चिरंजीवांना सगळ्यात भावलं ते सॅपर्सचं. रस्ता आधी, गाडी मागून. अंगण तुडवण्याचा त्यांना असणारा कंटाळा त्या दिवशी संपला.

आणि टायगरचं उणंही तुम्हीच दाखवलंत, म्हणजे जर्मन गाडीचा फार गवगवा नको. ती एकात एक घुसवलेली चाकं, दिसायला देखणी. रशियातल्या हिवाळ्यात त्यांच्यामध्ये चिखल आणि बर्फ भरायचा, रात्रीत गोठायचा आणि सकाळी गाडी हलायची नाही. आमच्या पिटुकल्या गाडीलाही तीच खोड आहे, एकदा गॅरेजमध्ये तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी चाकं फिरेनात. तेव्हापासून रोज परतल्यावर 'मेंटेनन्स परेड'. रंगाचा ब्रश घेऊन एकेक चाक मोकळं करायचं, ते होईपर्यंत बूट काढायचे नाहीत, दूध मागायचं नाही. तुम्ही गेल्यावरही हे चालू राहिलं, याचं मला अजून नवल वाटतं. त्याच मुलाला अंथरुणाची घडी घालायला तीनदा सांगावं लागतं.

उन्हाळ्यात आम्ही भारतात आलो तेव्हा तुम्ही आम्हाला नगरचं रणगाडा संग्रहालय दाखवलंत. पाकिस्तानकडून जिंकून आणलेल्या पॅटन रणगाड्यापाशी सगळे फोटो काढत होते आणि तुम्ही दोघं गुडघ्यावर बसून त्याच्या स्प्रॉकेटचे दात मोजत होतात. माझ्याकडे फोटो आहे तो तुमच्या दोघांच्या पाठीचा. त्यासाठीही आभार, आणि काकूंच्या हातच्या शेंगोळ्यांसाठी वेगळे.

इथे कालच पहिला बर्फ पडला. बाळ आता धरून उभं राहतं, तुमची लेक सांगेलच.

कळावे, लोभ आहेच.

तुमची,
शेजारच्या दारातली

ता. क. चिरंजीव विचारतायत: चार सेंटिमीटर पडलाय, लाडू वळतो पण लगेच फुटतो. मग ही वाळू धरायची की काळी जमीन? पट्टा त्यांनी मधला ठेवलाय आणि तुमचा निरोप येईपर्यंत गाडी गॅरेजबाहेर काढणार नाहीत.